गरुडवाल्याचे डोळे

मिरज, २५ ऑक्टोबर १९९३

चि. हिंदुराव,

आशीर्वाद. काल दसरा झाला. सोनं पोस्टानं पाठवलं तर वाटेत चुरा होतो, म्हणून नुसतं पत्र. हेमाच्या घरी सुखरूप पोचलो. लेकीनं खिडकीजवळची खाट दिली आहे आणि खिडकीसमोर शेजारच्या बंगल्याची भिंत आहे, असं कळतं. हवापालट उत्तम चालू आहे. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, कारण माझं मनगट दुखतं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा तक्रार करू नकोस.

आता कामाचं. आपल्या प्लॅस्टिकच्या शिपायांची नदीकाठची लढाई अर्धवट टाकून मला यावं लागलं. ती मांडलेलं प्लायवूड तुझ्या मागच्या खोलीत आहे तसंच राहू दे. विजयमालाबाईंना सांग, त्यावर कुरडया वाळत घालायच्या नाहीत. बारा वर्षं दर रविवारी आपण खेळलो. माझ्या चार महिन्यांच्या रजेनं रोमन साम्राज्य बुडायला नको. मी माझी चाल पत्रानं कळवीन. रोमनांशी लढणाऱ्या तुझ्या मिशाळ गॉल रानदांडग्यांची चाल तू कर. फासे दोघांचेही तूच टाक आणि किती पडले ते लिही. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढूनही तू खरं बोलतोस, हा तुझ्यातला एकमेव दोष आज उपयोगी पडतोय.

चाल अशी: लाल ढालींची तुकडी चार इंच पुढं, पुलाच्या तोंडाशी. ढाली एकमेकींना भिडवून, मागच्यांनी डोक्यावर धरून. म्हणजे आपलं कासव.

गरुडाचा झेंडा घेतलेला शिपाई मात्र टेकडीवरच राहू दे. त्याचं काम अजून पुरं झालेलं नाही. तो लढणार नाही.

तुझा,
दिगंबर

*

(त्याच पाकिटात वेगळी चिठ्ठी)

हिंदुराव भावोजींना नमस्कार.

ही चिठ्ठी त्यांना माहीत नाही. मनगट बिनगट काही दुखत नाही. साखरेच्या आजारानं दोन्ही डोळ्यांत आतून रक्त उतरलंय. इथल्या डॉक्टरांचं नाव ऐकून आलो आहोत. निघायच्या आदल्या संध्याकाळी हे तुमच्या त्या गरुडवाल्याला डोळे द्यायला बसले होते. तो बोटाच्या पेराएवढा शिपाई, त्याचे डोळे म्हणजे खसखशीहून बारीक दोन ठिपके. ब्रश सारखा गालावर जात होता. शेवटी पुसून टाकलं, तुमच्याकडं परत द्यायला शिपाई बाजूला ठेवला, ब्रश धुतला आणि मला म्हणाले, "हिंदुरावाला सांगायचं नाही. तो दया म्हणून हरायला लागेल."

तेव्हा तुम्ही हरू नका. बाकी देवाची इच्छा.

श्यामला

*

वारजे, ५ नोव्हेंबर १९९३

ती. अण्णांच्या चरणी हिंदुरावाचा दंडवत.

पत्र पोचलं. मिरजेला हवा खायला गेलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय. लोक तिथं टाके घालून घ्यायला जातात. असो, मनगटाला शेक द्या.

कासव पुढं सरकवलं. माझे गॉल पुलावर आले. तुमचा फासा दोन, माझा पाच. तुमचे चार जण पडले. नशीब तुमचं जुनंच आहे, मिरजेला नेलंत तरी बदललं नाही.

इकडची बातमी म्हणजे आमच्या सोसायटीनं यंदा दिवाळीच्या किल्लेस्पर्धेत भाग घेतलाय. आयुष्यभर ऑफिसात धरणांचे नकाशे ट्रेस केले म्हणून मला प्रमुख नेमलं. राजगड करतोय. माती आमच्याच जुन्या वावरातली, इमारतीचा पाया खणताना निघालेली. तटावर आळीव पेरलाय, पाण्याला टाकी ठेवलीय.

अण्णा, एक विचारू? तुमचं सैन्य बारा वर्षांत तुम्ही, मी आणि वहिनी सोडून कुणी पाहिलं नाही. एकेका ढालीवर तुम्ही विजेच्या रेघा काढल्यात, चपलांचे बंद काढलेत. पायथ्याला दोन दिवस मांडलं तर? लोकांना कळेल तरी, पुण्यात असं काम होतं म्हणून. लगेच कळवा.

आपला,
हिंदुराव

वहिनी, एवढं वाचून दाखवू नका. तुमची चिठ्ठी वाचली. कुणाला बोललो नाही. हरणार नाही, वचन देतो.

*

मिरज, ९ नोव्हेंबर १९९३

चि. हिंदुराव,

उत्तर: नाही.

कारणं मागितली नव्हतीस तरी देतो. राजगडाच्या पायथ्याशी रोमन लोकांचं काही काम नाही. माती रंगाला खाते. आळिवाला पाणी मारलं की ते सैन्यालाही लागतं. आणि लोकांनी बघावं म्हणून मी ते रंगवलेलं नाही. मला बघायचं होतं म्हणून रंगवलं. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आण, तेच किल्ल्याला शोभतात.

चाल: कासव जागेवरच. मागच्या दोन तुकड्या नदीच्या उताराकडं.

दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या पाठवू नकोस, हेमाच्या अजून संपलेल्या नाहीत आणि संपतील असं दिसत नाही.

दिगंबर

*

वारजे, ३० नोव्हेंबर १९९३

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

लिहायला उशीर झाला. दिवाळीची गडबड, मग पाहुणे. किल्ल्याला पहिलं बक्षीस मिळालं. सैन्य खुशाल आहे.

तुमच्या तुकड्या उतारावर आणल्या. माझ्या घोडेस्वारांनी अडवलं. तुमचा फासा सहा, माझा एक. पुलावर पुन्हा टाकले, पुन्हा सहा. माझे गॉल नदीत. तुमचा एकही पडला नाही.

प्रकृतीला जपा.

हिंदुराव

*

(वहिनींसाठी, वाचून दाखवू नये)

वहिनी, काय तोंडानं लिहू? अण्णांचं सैन्य गेलं.

मी ते किल्ल्यावर मांडलं होतं. अण्णांचं नकाराचं पत्र हातात पडायला उशीर झाला. बक्षीस द्यायला मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं, आणि बाहेर पोरांनी रिवाजाप्रमाणे किल्ला उडवला. दिवाळी संपली की सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचा, हे का मला माहीत नव्हतं? लहानपणी मीच दरसाल वात लावायचो. पोरांना वाटलं, बक्षीस लागलं, काम झालं. मी धावत गेलो तोवर तट, बुरूज, शिपाई, सगळ्याचा एक चिखल झाला होता आणि त्यावर पोरं नाचत होती. दोन दिवस चाळणीनं माती चाळली. हात निघाले, ढाली निघाल्या, पाय वितळलेले निघाले. तसल्या शिपायांची खोकी विलायतेहून येत, ती आता मिळत नाहीत.

आता प्लायवूडवर अण्णांच्या बाजूला चिंचोके मांडून खेळतोय. वहिनी, त्यांना सांगू नका. निदान डोळे बरे होईपर्यंत.

तुमचा अपराधी,
हिंदुराव

*

मिरज, ८ डिसेंबर १९९३

चि. हिंदुराव,

दोन सहा! तुझ्या वहिनीला दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती उठून गेली. पुलापलीकडं जा. गरुडवाला अजूनही टेकडीवरच.

दिगंबर

*

(सोबत)

भावोजी,

तुमची चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एक साडी स्वतः निवडून आणली नाही, पण त्या शिपायांच्या अंगरख्यासाठी लाल रंग शोधत सारी रविवार पेठ पालथी घातली. तुम्हाला त्यांनी भाऊ मानलं. 'नको' म्हणतील हे तुम्हाला कळायला पत्र कशाला हवं होतं?

सांगणार नाही. तुमच्यासाठी नव्हे. डॉक्टरांनी दोनदा लेसरच्या किरणांनी डोळे भाजले, फरक नाही. उजेड आणि सावली, एवढंच कळतं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. फक्त तुमचं पत्र आलं की उठून बसतात, ताट मागतात आणि त्यात बोटांनी चाचपत लढाई मांडतात. रोमन म्हणजे शेंगदाणे, तुमचे ते फुटाणे. जो मरेल तो खाऊन टाकतात. परवा तुमचे गॉल खाल्ले आणि महिन्यात पहिल्यांदा हसले.

म्हणून मी खोटेपणात तुमची भागीदार झाले आहे. मला हे आवडलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

श्यामला

*

वारजे, २९ डिसेंबर १९९३

ती. अण्णांना नमस्कार.

पूल तुमच्या ताब्यात आला. फासे तुमचे सहा, पाच, सहा. माझे दोन, एक, दोन. माझा सरदार घोड्यावरून पडला. मी आता जंगलाच्या आडोशाला गेलोय, तिथंही फार दिवस टिकेन असं वाटत नाही.

थंडी फार आहे. कानटोपी घालत जा.

हिंदुराव

*

(वहिनींसाठी)

वहिनी, मी एक उद्योग आरंभलाय. माझे गॉल रोमन करतोय. ब्लेडनं मिशा तासतो, मेणबत्तीच्या धगीवर प्लॅस्टिक वाकवून शिरस्त्राणं बसवतो, वरून लाल अंगरखे. नळावर मुलींनी विचारलं तेव्हा विजयमाला म्हणाली, "आमचे धनी बाहुल्यांच्या मिशा भादरत्यात." हात माझा ट्रेसरचा, कागदावरची रेघ सरळ येते, एवढ्याशा ढालीवर वाकडी जाते. सहा केले, पैकी दोन माणसासारखे दिसतात.

आणि रंगवता रंगवता एक नीच विचार मनात येतो, तो तुम्हालाच सांगतो. अण्णांना दिसणारच नसेल, तर हेच त्यांचे म्हणून त्यांच्या ट्रंकेत ठेवले तर? कोण सांगणार त्यांना? आठ दिवस हा विचार घेऊन जेवतोय, झोपतोय. त्यांचे डोळे बरे व्हावेत म्हणून चतुःशृंगीला नारळ बोललोय, आणि पायऱ्या उतरताना मनात येतं, बरे झाले तर मी मेलो. माणूस इतका खाली जातो हे मला ठाऊक नव्हतं.

हिंदुराव

*

मिरज, ९ जानेवारी १९९४

हिंदुराव,

चिरंजीव लिहायला सांगितलं नाही, हे मुद्दाम.

बारा वर्षं मी तुझ्याशी खेळतोय. ह्या बारा वर्षांत माझ्या फाशानं लागोपाठ दोन सहा कधी दाखवले नाहीत. हेमाच्या लग्नात मुंडावळ्या विसरल्या गेल्या, माझी बढतीची फाईल उंदरांनी खाल्ली, तो मी. आणि आता मिरजेत खाटेवर बसल्या बसल्या सहा, सहा, सहा, पाच, सहा? तुझा सरदार घोड्यावरून पडला? तो कधी पडत नाही. पडायचा झाला तर तू फासा कलंडला म्हणून पुन्हा टाकतोस.

तेव्हा कळलं. श्यामलेनं तुला माझ्या डोळ्यांचं सांगितलं. तू दया म्हणून हरतोयस. हे होऊ नये म्हणूनच मी मनगटाचं सोंग आणलं होतं. मला दिसत नाही. पण मोजता अजून येतं.

तुझ्या वहिनीला समोर बसवून हे लिहून घेतोय. ती नुसती रडतेय. तू बोल. माझी कीव करून फासे खोटे लिहिलेस, होय की नाही?

दिगंबर

भावोजी, मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. आता तुम्ही आणि तुमचा देव. — श्यामला

*

वारजे, १८ जानेवारी १९९४

ती. अण्णांस,

ह्या पाकिटात एकच कागद आहे. वहिनी, सगळा मोठ्यानं वाचा. माझी लाज राखायला एकही ओळ गाळू नका.

अण्णा, तुम्ही मला सुटायला दार उघडून दिलंत. "होय, डोळ्यांचं कळलं, जीव तुटला, म्हणून हरलो" असं पत्र मी लिहिलंही होतं. पाकीट चिकटवताना विजयमालेनं विचारलं, काय लिहिलं? मी सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्यास्नी बुडवलं, आन आता वर चांगुलपणा बी तुमालाच पायजे व्हय?" पाकीट फाडलं.

दया नव्हती. फासे खोटे लिहिले ते मला तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून. वाटलं, सैन्य गेलं, निदान लढाई तरी तुम्हाला द्यावी. तुमचं सैन्य राहिलेलं नाही. दिवाळीनंतर पोरांनी किल्ला उडवला, त्यात ते गेलं. वहिनींना मी एवढंच कळवलं होतं, त्यांनी तुमच्या प्रकृतीपायी मनात ठेवलं. त्यांच्यावर रागावू नका. पण त्यांनाही मी पुरतं सांगितलेलं नाही.

तुमचा नकार उशिरा मिळाला असं त्यांना लिहिलं, ते खोटं. पाडव्याला सकाळी मिळाला. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. म्हटलं, एकच दिवस. मग बक्षीस जाहीर झालं, म्हटलं, समारंभापर्यंत. पत्र सदऱ्याच्या खिशात होतं आणि मी किल्ल्यापाशी उभा राहून लोकांना सैन्य दाखवत होतो.

आणखी एक. बालेकिल्ल्यावर मी गरुडवाला उभा केला होता. सगळ्यांत वर तोच, आणि त्याला डोळे नाहीत. ते बघवेना. परीक्षक यायच्या आधी मी ब्रश घेतला आणि दोन ठिपके दिले. एक वर गेला, एक खाली. तेवढ्यात परीक्षकबाई मागं येऊन उभ्या. माझ्या हातात ब्रश. त्या म्हणाल्या, "अहो, हे सगळं आपण रंगवलंत?"

मी "हो" म्हणालो.

अण्णा, "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? पण पन्नाशी उलटेपर्यंत मला कुणी "आपण केलंत?" असं विचारलं नव्हतं. ऑफिसात रेघ तुमची, मी वरून ट्रेस करायचो. वारज्यात लोक ओळखतात ते बापाची जमीन विकून फ्लॅट घेतलेला म्हणून. हे कारण म्हणून सांगत नाही. कसं झालं ते सांगतो.

पुढं ते वाढतच गेलं. समारंभात शाल घातली, बोलायला लावलं. मी तुमची वाक्यं बोललो. लालाच्या आधी तपकिरी द्यावा, नाहीतर अंगरखा कुंकवासारखा दिसतो. चेहरा आधी, ढाल मागून. डोळे सगळ्यांत शेवटी. ते बोलत असताना बाहेर धडाका झाला. लोकांना वाटलं माझ्या सन्मानाला फटाके लावले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या घेत उभा होतो, तेव्हा तुमचे शिपाई चिखलात जात होते.

एकटा गरुडवाला वाचला. टाकीच्या पाण्यात उडाला म्हणून. माझ्याकडं आहे. डोळे तिरळे आहेत. ते पुसायचीही माझी छाती होत नाही.

तुम्ही म्हणाल ती शिक्षा. उत्तर नाही आलं तरी समजेन.

हिंदुराव

*

मिरज, २७ फेब्रुवारी १९९४

हिंदुराव,

हे अक्षर माझं आहे. श्यामलेनं पुठ्ठ्यावर आडवे दोरे बांधून दिलेत. दोरा बोटाला लागला की ओळ बदलायची. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर तुझ्या नशिबानं ती शिव्यांचीच असेल.

महिनाभर उत्तर दिलं नाही ते जाणूनबुजून. तू रोज पोस्टमनकडं बघावंस, अशी माझी इच्छा होती.

सैन्य गेल्याचं वाईट वाटलं. दोन दिवस जेवलो नाही, मग जेवलो. "मी रंगवले" ह्याचा राग आला, तो अजून आहे. तुझ्या वहिनीशी आठ दिवस बोललो नाही. मग आंघोळीचं पाणी कुठं ठेवलंय ते विचारावं लागलं, त्यामुळं बोललो.

पण सगळ्यांत जास्त काय लागलं ते सांगतो, कारण तू सांगितलंस. गरुडवाल्याचे डोळे. ते मी राखून ठेवले होते. मिरजेहून परत यायचं आणि पहिल्या रविवारी ते दोन ठिपके द्यायचे, एवढ्यासाठी मी इथं सुया टोचून घेतल्या. परवा डॉक्टरांनी सांगितलं की आता एवढंच. म्हणजे ते ठिपके माझ्या हातून होणारच नव्हते. पण ह्याला तू माफी समजू नकोस. तो जन्मभर बिनडोळ्यांचा राहिला असता तरी माझा म्हणून राहिला असता.

पुसू नकोस. तिरळा तर तिरळा. आता सैन्यात दोघंच उरलो, त्याला नीट दिसत नाही आणि मला अजिबात नाही.

शिक्षा ऐक. एक: सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिही की बक्षिसातले शिपाई कुणी रंगवले होते. पुण्यात फळ्यावर लिहिल्याशिवाय काही खरं होत नाही. दोन: तू गॉलांचे रोमन करतोयस, हे तुझ्या वहिनीनं सांगितलं; ते सगळे भादरून झाले की मी शेजारी बसेन. मी सांगेन, तू रंगवायचंस, चपलांच्या बंदांसकट. वाकडं झालं तर मला दिसणार नाही, म्हणून तूच सांगायचं की वाकडं झालं, आणि तूच पुसून पुन्हा काढायचं. ते पुरं झालं की त्या परीक्षकबाईंना चहाला बोलाव आणि म्हण, हे मी रंगवले. ते वाक्य तू आगाऊ बोलून बसलास. काम तेवढं बाकी आहे.

शत्रू उरला नाही, असं म्हणू नकोस. चिंचोके आहेत.

१३ तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीनं निघतोय. दुपारी स्वारगेटला उतरू. गरुडवाला खिशात घालून ये. माझा हात धरायचा नाही. खांदा पुढं कर, मी ठेवीन.

नदीकाठची लढाई पहिल्यापासून मांडायची. तुझे सगळे सहा रद्द. इथून पुढं दोघांचेही फासे मी टाकणार. किती पडले ते तू बघून सांगायचंस.

दिगंबर